घरी बांधलेल्या स्पीकरवरचे विनाइल : इंदूरमधील एका जोडीचे प्रकरण

इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी, रंगपंचमीची गेर (रंगाची मिरवणूक) होऊन गेल्यावर, स्पीकरची एक जोडी स्वतः बांधायला घेतली. एप्रिलच्या अखेरीस त्याने तिच्यावर अक्रोडाच्या लाकडाची नक्कल असलेले विनाइल, म्हणजे मागे गोंद असलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, चढवले. गणपतीत पाहुण्यांना दाखवण्याची वेळ आली, तेव्हा उजव्या खोक्याची एक बाजू फोडांनी भरलेली होती, कोपरे सुटलेले होते आणि दोन्ही खोक्यांच्या बाजूंवर आडव्या रेघा उमटल्या होत्या. त्यात भर म्हणून उजवा स्पीकर खर्जात फुरफुरू लागला होता. घरात निदान एकच झाले, ते म्हणजे विनाइल वाईट निघाले. माझी थोरली बहीण तर स्पष्टच म्हणाली, "याला कांजिण्या आल्यात. काढून टाक ते आणि साधा रंग मार."

भाच्याला मात्र दुकानदाराशी भांडायचे होते, आणि भांडणाला जाण्याआधी "मामा, चूक नक्की कुणाची ते तुम्ही एकदा बघून सांगा" म्हणून त्याने मला बोलावले. मी बघितले. चार तक्रारींपैकी जिला विनाइल स्वतः जबाबदार होते अशी एकच निघाली, आणि तीही अर्धीच.

खोके आणि त्यावरचे काम

प्रत्येक खोके बाहेरून २०० मिमी रुंद, ३५० मिमी उंच आणि २७० मिमी खोल होते. १८ मिमी जाडीचे एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) वापरल्यामुळे आतली जागा सुमारे १२ लिटर भरते. त्यात खालचे स्वर वाजवणारा सव्वापाच इंची वूफर, वरचे स्वर वाजवणारा २५ मिमीचा रेशमी घुमटाचा ट्वीटर आणि मागच्या बाजूला पोर्टची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची, उघडी नळी होती. फळ्या सरळ टोकाला टोक लावून फेविकॉल आणि स्क्रूने जोडल्या होत्या. वरची आणि खालची फळी बाजूच्या फळ्यांच्या डोक्यावर बसत असल्याने बाजूकडून पाहताना कडेपासून १८ मिमी अंतरावर जोडाची रेघ येत होती. बाहेरच्या कडांना राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) ६ मिमीची गोलाई दिलेली होती. सुतारकाम खरोखर चांगले होते. काटकोन कुठेही चुकलेला नव्हता, आणि पहिल्या जोडीत हे सहसा जमत नाही.

त्यानंतर बाहेरून थिनरवर चालणाऱ्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलरचे, म्हणजे लाकडाची रंध्रे बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात दिले गेले. आतली बाजू कोरीच राहिली, कारण ती दिसणार नव्हती. विनाइल घेतले ते गाड्यांना रॅप करणाऱ्या एका रेडियमवाल्याकडून. "भिया, इंपोर्टेड है, गाड़ी पे पाँच साल चलता है, ये तो घर में रखना है," हे त्याचे प्रशस्तिपत्र होते. भाच्याने विनाइलचा एकच लांब पट्टा खोक्याभोवती गुंडाळला, म्हणजे एक बाजू, माथा, दुसरी बाजू आणि तळ, आणि सांधा तळाशी घेतला. ही पद्धत अगदी योग्य आहे. लाकडाची रेषा बाजूंवर उभी राहते, माथ्यावरून तशीच वळून पुढे जाते आणि खोके एकाच फळीतून वाकवल्यासारखे दिसते. परिघ १,१०० मिमी होत असल्याने सांध्याच्या वाढाव्यासह सव्वा मीटर लांबीचा तुकडा पुरतो. पुढच्या फळीवर वेगळे काळे विनाइल लावलेले होते.

कारखान्यात हे काम उलट्या क्रमाने होते. तिथे सपाट फळीवर विनाइल आधी दाबून चिकटवतात, मग मागच्या बाजूने फिल्मपर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा पाडतात आणि फळी घडीच्या खोक्यासारखी दुमडतात. बाजारातल्या स्पीकरचे कोपरे धारदार आणि बिनसांध्याचे दिसतात ते यामुळे. घरच्या कामात आधी खोके होते आणि मग कातडे चढते, म्हणून खोक्याचे सगळे दोष त्या कातड्याच्या वाट्याला येतात.

आवाजाच्या दृष्टीने विनाइल चांगले की वाईट, हा प्रश्न भाच्याच्या मित्रांनी बराच चघळला होता, म्हणून त्याचा हिशेब इथेच उरकतो. ०.१ मिमी जाडीच्या फिल्मचे वजन चौरस मीटरला साधारण १३० ग्रॅम भरते, आणि १८ मिमी एमडीएफचे साडेतेरा किलोच्या आसपास. ज्या भिंतीचे वजन एक टक्काही वाढत नाही, तिच्या थरथरण्यात त्या फिल्मने काही फरक पडेल असे मानायला जागा नाही.

फोड

फोड फक्त उजव्या खोक्याच्या उजव्या बाजूवर होते, ज्वारीच्या दाण्यापासून रुपयाच्या नाण्याएवढे. ही बाजू पश्चिमेच्या खिडकीकडे होती. काही फोड सुईने टोचल्यावर त्यांतून सीलरचा मंद वास आला, आणि पाच महिन्यांनंतर तो यावा हीच मोठी खूण होती. विचारपूस केल्यावर असे कळले की सीलरचा दुसरा हात रात्री देऊन उजवे खोके दुसऱ्या दिवशी सकाळीच गुंडाळले गेले, आणि फिल्म कमी पडल्यामुळे डावे खोके मात्र त्यापुढच्या रविवारी झाले. एनसी सीलर अर्ध्या तासात हाताला सुकलेला लागतो, पण जाड थरातला थिनर पूर्ण उडायला कित्येक दिवस लागतात. वरून विनाइलचे झाकण बसले की त्या वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही.

परंतु डावे खोके सावलीत होते आणि उजवे उन्हात, त्यामुळे दोष उन्हाचा की घाईचा हे एवढ्यावरून ठरत नव्हते. एमडीएफच्या रंध्रांत हवा असतेच, आणि २५ अंशांवरची हवा ५५ अंशांपर्यंत तापली की सुमारे दहा टक्के फुगते. इंदूरच्या मे महिन्यात पश्चिमेचे ऊन घेणारा गडद पृष्ठभाग तेवढा सहज तापतो. म्हणून ऑक्टोबर हीटमध्ये डावे खोके दहा दिवस त्याच खिडकीत ठेवले. त्यावर एकही फोड आला नाही. तोवर त्यातला थिनर केव्हाच उडून गेला होता, त्यामुळे या प्रयोगातून एवढेच सिद्ध झाले की नुसते ऊन पुरेसे नाही. मला तेवढे पुरले. फिल्मखाली वाफ कोंडली होती आणि उन्हाने ती फुगवली.

कोपरे

आठपैकी पाच कोपऱ्यांवर फिल्म दोन-तीन मिलिमीटर मागे सरकून खालचा सीलर उघडा पडला होता. दुकानदाराचा संबंध येतो तो इथे. विनाइलची फिल्म दोन मार्गांनी बनते. एका प्रकारात तापवलेला पीव्हीसीचा लगदा रोलरांच्या जोड्यांमधून दाबत आणि ओढत पातळ करतात. ही कॅलेंडर केलेली फिल्म साधारण ७५ ते १०० मायक्रॉनची असते, आणि ओढले गेल्याचा ताण तिच्यात साठून राहिल्यामुळे ती पुढे आकसू पाहते. दुसऱ्या प्रकारात द्रव पीव्हीसी कागदावर ओतून भट्टीत सुकवतात. अशी कास्ट फिल्म ५० मायक्रॉनच्या आसपास पातळ असते, तिच्यात ताण जवळजवळ नसतो, म्हणून ती वक्र भागावर बसते आणि बसलेली राहते. गाडीच्या बंपरवर जाते ती ही, आणि तिची किंमत कितीतरी पट अधिक असते.

उरलेल्या तुकड्यावर १०० मिमीच्या दोन खुणा केल्या, केस वाळवायच्या ड्रायरने तो तापवून १२० मिमीपर्यंत ताणला, थंड होऊ दिला आणि पुन्हा तापवला. खुणा जवळजवळ मूळ अंतरावर परतल्या. जाडी आणि कडकपणाही पाहता फिल्म कॅलेंडर केलेलीच होती. "इंपोर्टेड" या शब्दाने भाचा फसला, हे खरे. तरीही सपाट बाजू असलेल्या खोक्याला कास्ट फिल्म लागतच नाही. कॅलेंडर केलेली चांगली फिल्म उत्तम काम देते, मात्र तिला कोपऱ्यावर ताणायचे नसते. तिथे उशीच्या अभ्र्याच्या टोकासारखी मोजून चीर द्यायची, एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा आणि कात्रीच्या जोरावर काम करायचे. भाच्याने ब्लोअरने तापवून, अंगठ्याने ओढून, सुरकुती नाहीशी होईपर्यंत ताणले आणि मग पुन्हा गरम न करता सोडून दिले. व्यावसायिक कारागीर ताणलेला भाग शेवटी पुन्हा तापवून घेतात, म्हणजे त्यातला ताण विरतो. कास्ट फिल्मसाठी ही उष्णता साधारण १०० अंशांच्या आसपास असते. तेवढे केले असते तरी या फिल्मने कितपत ऐकले असते, याची मला शंका आहे. या तक्रारीचा अर्धा भाग विनाइलच्या माथी मारला तो या हिशेबाने.

रेघा

या तक्रारीवर सर्वांत अधिक वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. मेमध्ये दोन्ही खोक्यांच्या बाजू आरशासारख्या सपाट होत्या, असे भाचा शपथेवर सांगत होता, आणि ते खोटे नसावे. पाऊस सुरू होऊन महिना झाल्यावर वरून आणि खालून १८ मिमी अंतरावर आडवी रेघ उमटली. दिव्याखाली ती दिसत नव्हती, पण टॉर्च बाजूला टेकवून तिरका उजेड टाकला की पायरीसारखी स्पष्ट दिसे.

एमडीएफ दमट हवेत फुगते ते मुख्यतः जाडीत; लांबी-रुंदीत त्याचा फरक फार थोडा असतो. आता या जोडाकडे पाहा. बाजूला वरचे १८ मिमी हे माथ्याच्या फळीचे टोक आहे, म्हणजे तिची लांबी तिथे संपते. त्याच्या खाली बाजूच्या फळीचा दर्शनी भाग सुरू होतो, म्हणजे तिची जाडी बाहेर येते. फळी जाडीत समजा एक टक्का फुगली तर ०.१८ मिमी वाढेल, आणि त्यातले अर्धे जरी बाहेरच्या अंगाला आले तरी ती वाढ फिल्मच्या जाडीएवढी होते. माथ्याचे टोक मात्र जागचे हलत नाही. पायरी पडते ती अशी, आणि विनाइल तिला झाकण्याऐवजी तिची छाप घेते. तकतकीत फिल्म असेल तर अधिकच.

खोके बाहेरून सीलर आणि विनाइल यांनी बंद असताना दमटपणा आत शिरला कुठून? पोर्टमधून. पोर्टचे खोके वाजताना श्वास घेते आणि न वाजतानाही त्याचे तोंड उघडेच असते. आतले एमडीएफ पूर्णपणे कोरे होते, त्यामुळे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतची सगळी सर्द हवा ते निवांत पीत बसले. "दिसत नाही म्हणून रंगवले नाही" हे कपाटात चालून जाते. इथे चालले नाही.

दुसरे, दुय्यम कारण फेविकॉलचे होते. त्यातल्या पाण्याने जोडाच्या तोंडाशी एमडीएफचे तंतू फुगतात; जोड ओला असतानाच घासून सपाट केला तर सुकल्यावर तिथे बारीक खड्डा पडतो. भाच्याने चोवीस तासांनी घासले होते. मी आठवडा थांबलो असतो.

फुरफुर

बहीण रोज सकाळी ख्याल ऐकते, आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून ती दुसरे कोणाचे ऐकेल असे वाटत नाही. त्या अतिविलंबित गायकीत, मंद्रातल्या दोन स्वरांमधली जागा लांबली की तानपुऱ्याबरोबर उजव्या खोक्यातून फुरफुर येते, हे तिनेच आधी पकडले. पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि एवढ्या खाली अशा लहान खोक्यातला हवेचा दाब चांगलाच चढ-उतार करतो.

पोर्टमध्ये फडक्याचा बोळा घालून ७० हर्ट्झचा सूर लावला आणि वूफरच्या कडेने उदबत्ती हळूहळू फिरवली. साधारण चार वाजल्याच्या जागी धूर बाहेरच्या बाजूला झटके घेऊ लागला. वूफर काढल्यावर कारण समोर आले. भोकावरचे काळे विनाइल पिझ्झासारखे त्रिकोणांत कापून आत दुमडले होते, आणि वूफरच्या चौकटीच्या खाचेत त्या त्रिकोणांचे पदर एकावर एक आले होते. शिवाय स्क्रूचे भोक पाडताना ड्रिलच्या पात्यात फिल्म अडकून तिचा पिळा झाला होता. त्या उंचवट्यावर चौकट टेकली, शेजारी फट राहिली, आणि चौकटीखालचा पातळ स्पंज ती भरू शकला नाही. खाचेत विनाइल हवेच कशाला? ते खाचेच्या काठाला कापायचे, चौकट उघड्या लाकडावर बसवायची आणि स्क्रूच्या जागी फिल्मला आधी कटरने बारीक गोल छेद देऊन मगच ड्रिल लावायचे. ही दुरुस्ती त्याच दिवशी वीस मिनिटांत झाली आणि फुरफुर थांबली.

पुन्हा केलेले काम

बाकीच्या कामासाठी पाऊस पूर्ण ओसरेपर्यंत थांबलो. भाच्याला ते पसंत नव्हते, पण फुगलेल्या अवस्थेत घासून सपाट केलेली पायरी उन्हाळ्यात उलट बाजूने पडली असती.

फिल्म ड्रायरने कोमट करून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढत सावकाश काढली. घाईने किंवा काटकोनात ओढले की एमडीएफचे तंतू सोबत निघतात. ते दोन ठिकाणी निघालेच. उरलेला चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढताना एक अख्खी दुपार गेली. रॉकेल लवकर काम करते, पण मागे तेलकटपणा सोडते आणि नवी फिल्म तिथे धरत नाही.

त्यानंतर वूफर आणि ट्वीटर काढून, वूफरच्या भोकातून हात घालून आतल्या सर्व बाजूंना पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन हात दिले. कोपऱ्यांसाठी ब्रशला वाकवलेल्या पट्टीचे शेपूट लावावे लागले. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातले महत्त्वाचे काम हेच होते, आणि ते कोणाला कधीही दिसणार नाही. बाहेरच्या जोडांवर कटरने दोन मिलिमीटरची खाच घेतली, त्यात दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरली आणि ती आठ दिवस तशीच सोडली. जोड ४५ अंशांत कापून केले असते तर रेघ थेट कडेवर गेली असती आणि हा प्रश्नच उद्भवला नसता. पण बांधलेल्या खोक्यात तो पर्याय उरत नाही.

घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ३२० च्या कागदापर्यंत गेलो, आणि कागद नेहमी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला ठेवला. आधी पेन्सिलने सर्वत्र तिरक्या रेघा ओढून घेतल्या, म्हणजे त्या जिथे पुसल्या जात नाहीत तिथे खड्डा आहे हे कळते. शेवटची परीक्षा हाताची. तळव्याखाली पातळ सुती रुमाल घेऊन हात फिरवला की उघड्या बोटांना न जाणवणारी पायरीही लागते. गाड्यांचे डेंटिंग करणाऱ्यांची ही युक्ती आहे. भाच्याने रुमाल फिरवला, तीनदा "झाले" म्हणाला आणि तीनदा स्वतःच पुन्हा घासायला बसला. बाहेरून पीयू सीलर दिल्यावर खोकी बारा दिवस हवेशीर खोलीत ठेवली. भाचा मधूनमधून त्यांचा वास घेत असे. वास पूर्ण गेल्यावरच फिल्मला हात लावला.

या वेळी फिल्म निवडली ती इमारतींच्या आतल्या सजावटीसाठी मिळणारी, सुमारे ०.२ मिमी जाडीची, लाकडाचे रंध्र उठवलेली आणि बिनचकाकीची. जाड फिल्म ६ मिमीच्या गोलाईवर थोडी कुरकुर करते, पण तिच्या खडबडीतपणात बारीक पायरी हरवून जाते. साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवण्याची काचेवरची रीत एमडीएफजवळ आणलीच नाही. कोरड्या पद्धतीने, मागचा कागद एका वेळी हातभर सोडत, फेल्ट लावलेल्या स्क्रॅपरने मधून बाहेर दाबत गेलो. कडांवर आणि तळाच्या सांध्यावर आधी प्राइमर, म्हणजे गोंदाची पकड वाढवणारा लेप, लावला. हा गोंद दाबाने धरणारा असल्याने आणि त्याची पकड पुढचा दीड-दोन दिवस वाढतच राहणार असल्याने, सगळ्या कडा दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा दाबून घेतल्या. कोपऱ्यांवर काहीही ताणले नाही; चीर दिली आणि पदर मागच्या अंगाला नेला.

हे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले. त्यानंतर एक हिवाळा, एक मे आणि आता अर्धा पावसाळा झाला आहे. फोड नाहीत, कोपरे जागेवर आहेत. डाव्या खोक्याच्या एका बाजूला तिरक्या उजेडात रेघेचा भास होतो, पण बोटाला लागत नाही. उजव्या खोक्याच्या तळाचा सांधा मात्र अर्धा मिलिमीटर उघडला आहे. जाड फिल्मही कॅलेंडर केलेलीच होती, आणि सांध्यावर पदर न घेता टोकाला टोक भिडवण्याचा आग्रह माझा होता. ती फट खोके उचलल्याशिवाय दिसत नाही, आणि ते उचलायला बहीण आता आम्हा दोघांनाही परवानगी देत नाही.